अद्भुतकथेतील दुष्ट पात्रे व त्यांची घडण

(प्राथमिक शिक्षकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुपारच्या शेवटच्या तासाला मुलांचे लक्ष खिडकीबाहेर जाऊ लागले, की वर्गातून हमखास एक मागणी येते : "गुरुजी, गोष्ट सांगा !" किंवा "बाई, गोष्ट सांगा !" ही मागणी पुरविणारा शिक्षक मुलांच्या अंतःकरणात घर करून राहतो, हे कोणासही सांगावयास नको. परंतु गोष्ट सांगून झाल्यावर आठवड्याने तीच गोष्ट मुलांना विचारून पाहावी. राजपुत्राचे नाव पुष्कळांच्या स्मरणातून गेलेले असते. राजकन्येची नगरी कोणती, हे तर कोणालाच आठवत नाही. मात्र राक्षस कोठे राहत होता, त्याचा प्राण कशात दडविलेला होता आणि शेवटी तो कसा मेला, हे सारे मुले एकमेकांना अडवीत चढाओढीने सांगतात. अद्भुतकथेतील दुष्ट पात्र हे अशा रीतीने बालमनात फार काळ टिकून राहणारे पात्र होय. म्हणूनच ते कसे घडवावे आणि कसे घडवू नये, याचा विचार कथालेखकाइतकाच गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकानेही करणे अगत्याचे आहे.

बागुलबुवा आणि राक्षस

प्रारंभीच एक भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. मूल जेवेना किंवा झोपेना, की घरातील मोठी माणसे बागुलबुवाला हाक मारतात. या बागुलबुवाला रूप नाही, घर नाही, त्याला काय हवे हे कोणास ठाऊक नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्या गोष्टीला शेवट नाही. तो दाराबाहेर उभा असतो आणि मूल मोठे होईपर्यंत तेथेच उभा राहतो. त्याला हरविण्याचा उपाय मुलाच्या हाती कोणी देत नाही. कारण तो हरला तर मोठ्यांचे काम अडते. गोष्टीतील राक्षसाचे तसे नाही. तो अमक्या डोंगरावर राहतो, त्याला अमुक एक वस्तू हवी असते, अमक्या गोष्टीला तो भितो आणि गोष्ट संपते तेव्हा त्याचाही शेवट होतो. बागुलबुवाने मुलाचे भय वाढते. राक्षसामुळे त्याच भयाला आकार येतो. आणि ज्याला आकार आला त्याच्याशी झुंजता येते.

मुलांना राक्षसांच्या गोष्टी सांगाव्यात की नाहीत, ही शंका अनेक पालक व शिक्षक विचारीत असतात. तिचे उत्तर या भेदात आहे. अंधाराचे, एकटेपणाचे आणि बलवानाच्या दांडगाईचे भय मुलाच्या मनात गोष्ट ऐकण्यापूर्वीच वसत असते. गोष्ट ते भय नव्याने निर्माण करीत नाही. तिने केवळ त्याला नाव व ठिकाण दिलेले असते. तेव्हा राक्षसाच्या गोष्टी अवश्य सांगाव्यात. मात्र राक्षस नीट घडविलेला असावा. तो नीट घडला आहे की नाही, हे चार अंगांनी पाहता येते : त्याची इच्छा, त्याचा नेम, त्याचे मर्म आणि त्याचे रूप.

इच्छा

"एक दुष्ट राक्षस होता. तो सर्वांना त्रास देई." पुष्कळ गोष्टींचा आरंभ असा असतो आणि तो ऐकून मुलाच्या मनात काहीच उभे राहत नाही. राक्षस त्रास का देतो ? त्याला हवे तरी काय ? दुष्ट पात्राची इच्छा जितकी स्पष्ट, आणि ती मुलांच्या परिचयाच्या इच्छांशी जितकी जवळची, तितके ते पात्र खरे वाटते.

इंग्रजीतील नामांकित लेखक सी. एस. लुइस यांच्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील श्वेत चेटकीण या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिने नार्निया नावाच्या देशावर असा मंत्र टाकलेला आहे की, तेथे सदैव हिवाळाच असतो, नाताळ मात्र कधी येत नाही. मुलांच्या जगात याहून मोठे दुःख कोणते ! थंडी आहे, पण सण नाही. या देशात चुकून आलेला एडमंड नावाचा मुलगा तिला बर्फात भेटतो. ती प्रथम त्याच्यावर संतापते. परंतु हा मुलगा आपल्या उपयोगी पडेल हे जाणताच ती त्याला आपल्या गाडीत शेजारी बसविते, स्वतःच्या वस्त्रात गुंडाळते, गरम पेय देते आणि त्याला आवडणारी मिठाई हवी तितकी खाऊ घालते. थोरल्या भावाच्या अधिकाराला कंटाळलेल्या त्या मुलाला ती राजपद देऊ करते. या एका प्रसंगात चेटकीण कोणावरही शस्त्र चालवीत नाही. तरीही पुढचे सारे अनर्थ येथूनच घडतात, कारण एडमंड आपल्या भावंडांविरुद्ध तिला सामील होतो. खाऊसाठी किंवा कौतुकाच्या एका शब्दासाठी आपण भावाची किंवा मैत्रिणीची चहाडी केल्याचे ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला मनातून आठवत असते. म्हणून ही चेटकीण त्याला परकी वाटत नाही. तिचे बळ तिच्या मंत्रात थोडे आणि एडमंडच्या हावेत अधिक आहे, हे मुलाला कोणी न सांगता कळते.

नेम

दुसरे अंग म्हणजे दुष्ट पात्राचा नेम. जो केव्हाही, कोठेही, काहीही करू शकतो त्याच्याविषयी मुलाला उत्कंठा वाटत नाही. केवळ गोंधळ वाटतो. जो एका ठरलेल्या नियमाने वागतो त्याची मूल वाट पाहते, आणि वाट पाहण्यातच कथेचा रस आहे.

महाभारताच्या आदिपर्वातील बकासुराची कथा याचा उत्तम नमुना आहे. एकचक्रा नगरीच्या लोकांनी त्या राक्षसाशी करार केलेला असतो : गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक मनुष्य. घरांच्या पाळ्या लावलेल्या असतात. कथेतील खरे भय बकाच्या सुळ्यांत नाही, ते या पाळीत आहे. "आज आपल्या घराची पाळी आहे" हे वाक्य उच्चारले, की वर्ग एकदम शांत होतो. ज्या घरात पांडव उतरलेले असतात त्या घरातील बाप, आई आणि मुलगी यांपैकी प्रत्येक जण "मला जाऊ द्या" म्हणू लागतो. तेव्हा बोबडे बोलणारा लहानगा मुलगा गवताची काडी हाती घेऊन, या काडीने मी राक्षसाला मारीन, असे म्हणतो आणि त्या दुःखातही सर्वांना हसू येते. व्यासांनी ही काडी मुलाच्या हाती उगीच दिलेली नाही. कथा ऐकणारे प्रत्येक मूल ती काडी आपल्या हाती धरते. पुढे भीम जातो आणि राक्षसाचे अन्न स्वतःच खावयास बसतो. बक पाठीमागून येऊन दोन्ही हातांनी मारू लागला तरी भीमाचे जेवण थांबत नाही. राक्षसाचा नेम मोडला, त्याचे जेवण दुसऱ्याने खाल्ले, येथेच मुलांच्या लेखी तो निम्मा हरला; त्याचा वध ही पुढची औपचारिक बाब राहते.

मर्म

तिसरे अंग मर्म. अजिंक्य शत्रू मुलाला निराश करतो आणि दुबळा शत्रू कंटाळा आणतो. म्हणून शत्रू बलाढ्य असावा, पण त्याच्या बळातच कोठेतरी फट असावी. घरात नाही, बाहेर नाही; दिवसा नाही, रात्री नाही; माणसाकडून नाही, पशूकडून नाही, असा वर हिरण्यकशिपू मागून घेतो. हा वर मुलांना कोड्यासारखा वाटतो. उंबरठा, तिन्हीसांज आणि नरसिंह ही तिन्ही उत्तरे मिळतात तेव्हा त्यांना गणित सुटल्याचा आनंद होतो. भस्मासुर तर स्वतःच्या वरानेच भस्म होतो. दुष्टाचा नाश बाहेरून येऊन त्याच्यावर कोसळावा, यापेक्षा तो त्याच्याच हव्यासातून निघावा, हे अधिक पटणारे आहे.

अमेरिकन लेखक एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० साली निघालेल्या 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' या पुस्तकात पश्चिमेची चेटकीण आहे. तिला डोरोथी नावाच्या मुलीच्या पायांतील चांदीचे बूट हवे आहेत. डोरोथी ते बूट केवळ रात्री झोपताना आणि स्नानाच्या वेळी काढते. पण चेटकिणीला अंधाराचे भय वाटते, म्हणून रात्री ती मुलीच्या खोलीत जात नाही; आणि पाण्याचे तर त्याहून अधिक भय वाटते, म्हणून स्नानाच्या वेळी ती जवळ फिरकत नाही. इच्छा आणि भय यांची अशी गाठ पडली, की पात्र आपोआप जिवंत होते. शेवटी ती कपटाने एक बूट मिळविते, तेव्हा रागावलेली डोरोथी पाण्याची बादली तिच्या अंगावर ओतते आणि चेटकीण विरघळून जाते. मुलीच्या हाती तलवार नाही, मंत्र नाही. आहे ती रोजच्या घरकामातील बादली. मुलाचा विजय मुलाच्या हाताला पेलणाऱ्या साधनाने व्हावा, हा धडा प्रत्येक कथाकाराने गिरवावा असा आहे.

१९०४ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या जे. एम. बॅरी यांच्या 'पीटर पॅन' नाटकातील चाच्यांचा नायक कॅप्टन हुक याचीही हीच कथा. एका मगरीने त्याचा तुटलेला हात खाल्ला आणि त्याची चव लागून ती त्याच्या मागे फिरू लागली. सुदैवाने तिने एक घड्याळही गिळलेले असते. त्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली, की सर्वांना धाक घालणारा हा माणूस गर्भगळित होऊन पळत सुटतो. वर्गात ही गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकाने बोटाच्या पेराने टेबलावर हळूच टिकटिक केली तर पुरे. हुकाचे वर्णन करण्याची आवश्यकताच उरत नाही.

रूप

आता चौथे अंग, आणि ते सर्वांत विचार करण्याजोगे आहे. दुष्ट पात्र उभे करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याला कुरूप करणे. एक डोळा काणा, पाठीला पोक, काळा वर्ण, लंगडा पाय, तोंडाचे बोळके असे म्हटले, की दुष्टपणा सिद्ध झाला, अशी समजूत रूढ आहे. या मार्गाने कथेची हानी होते आणि वर्गाचीही.

कथेची हानी अशी की, वर्णन एकदा सांगून संपते, कृती मात्र कथाभर वाढत जाते. हुकाच्या हातातील आकडा पाहून मुले क्षणभर दचकतात. पण जन्मभर लक्षात राहते ती टिकटिक. श्वेत चेटकीण तर देखणी आहे. आपल्या पूर्वजांनाही हे मर्म पूर्णपणे अवगत होते. गोकुळात बाळकृष्णाला विष पाजावयास आलेली पूतना भागवतात सुंदर स्त्रीचे रूप घेऊन येते. पंचवटीत रावण येतो तो यतीच्या वेषात. मारीच येतो तो सोन्याच्या हरणाच्या रूपाने. याच्या उलट, ज्याचे उग्र रूप पाहून देवही भ्याले तो नरसिंह बालकाचा रक्षणकर्ता आहे, आणि आठ ठिकाणी वाकलेला अष्टावक्र भरसभेत ज्ञानाने सर्वांना जिंकतो. जन्माचेही तसेच. प्रल्हाद हा असुराचा पुत्र आणि बिभीषण हा रावणाचा सख्खा भाऊ; परंतु त्यांना कोणी दुष्ट म्हणत नाही. मंथरेचे मात्र दुर्दैव ओढवले. तिचा अपराध जिभेचा होता आणि लोकांनी लक्षात ठेवली ती तिची पाठ. ही कथा सांगताना शिक्षकाने तिच्या बोलण्यातील कावा सविस्तर सांगावा आणि पाठीचा उल्लेख गाळावा. कथेचे काहीही उणे होणार नाही.

वर्गाची हानी याहून मोठी आहे. गोष्ट ऐकणाऱ्या चाळीस मुलांत एखादे मूल तिरळे असते, एखादे लंगडत चालते, एखादे वर्णाने काळे असते. राक्षसाचे वर्णन चालू असता सारा वर्ग हळूच त्या मुलाकडे वळून पाहतो. शिक्षकाच्या ध्यानीमनीही नसते. परंतु मधल्या सुटीत त्या मुलाला नवे नाव मिळालेले असते आणि ते शाळा सुटेपर्यंत, कधीकधी गाव सुटेपर्यंत, त्याच्या मागे राहते. शाळेच्या स्नेहसंमेलनात राक्षसाची भूमिका दरवर्षी काळ्या किंवा धिप्पाड मुलालाच दिली जाते काय, हेही प्रत्येक शाळेने एकदा तपासून पाहावे.

सावत्र आईची गोष्टही अशीच आहे. जर्मनीतील ग्रिम बंधूंनी १८१२ साली लोककथांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील हिमगौरीच्या कथेत मुलीच्या जिवावर उठणारी राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत तिची सावत्र आई करण्यात आली, आणि पुढे हॅन्सेल व ग्रेटेल यांच्या कथेतही तोच बदल झाला. आईचे नाव राखण्यासाठी सावत्र आईचे नाव खर्ची पडले. तेव्हा "सावत्र आई दुष्टच असते" ही काही लोककथेने दिलेली सनातन साक्ष नव्हे; तो संपादकाच्या लेखणीचा फेरफार आहे. ज्या मुलाला घरी सावत्र आई आहे आणि जी त्याला सकाळी डबा बांधून देते, त्या मुलाचा विचार करून शिक्षकानेही आपल्या गोष्टीत असाच फेरफार करण्यास हरकत नाही. "राणी" एवढे म्हटले तरी कथा पुढे सरकते.

आणि यापुढचा विषय तर केवळ मनाला लागण्यापुरता उरत नाही. चेटकिणीची गोष्ट ऐकणारी मुले सायंकाळी ज्या गल्लीतून घरी जातात, त्या गल्लीत एखादी एकटी राहणारी म्हातारी असते. तिला मूल नसते, ती स्वतःशी पुटपुटते, तिचे केस पिकलेले असतात. शहरातील मुलाच्या लेखी चेटकीण पुस्तकात राहते. गावातील मुलाच्या लेखी ती शेजारी राहू शकते. सातपुड्याच्या काही भागांत स्त्रियांना 'डाकीण' ठरवून मारहाण करण्याचे व गावाबाहेर घालविण्याचे प्रकार घडलेले आहेत. यांसारख्या अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर अनेक वर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र विधिमंडळाने जादूटोणा प्रतिबंधक विधेयक संमत केले. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटविते, रोगराई आणते, असा समज पसरवून तिचे जगणे कठीण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. कायदा पोलीस ठाण्यात अंमलात येतो. पण त्यामागील विचार रुजतो तो पहिलीदुसरीच्या वर्गात. सबब, चेटकिणीची गोष्ट सांगू नये असे नव्हे. ती अशी सांगावी की, गावातील कोणतीही जिवंत स्त्री तिच्यात बसू नये.

हे कसे साधते, ते मराठी बालरंगभूमीने दाखवून दिले आहे. रत्नाकर मतकरी यांच्या 'अलबत्या गलबत्या' या नाटकातील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगविली आणि २०१८ साली आलेल्या नव्या संचात ती भूमिका वैभव मांगले यांनी केली. पुरुष नटाने घेतलेले ते सोंग, तिची बढाई आणि तिची फजिती यांमुळे मुले भितात आणि त्याच क्षणी हसतातही. ही चेटकीण रंगमंचावरची आहे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. शिवाय मराठी लोककथेने म्हातारीला फार मोठा मान दिलेला आहे. लेकीला भेटून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी आठवावी. रानात ती एकटी आहे, अंगात बळ नाही, वाटेत वाघ आणि कोल्हा बसलेले आहेत. आणि त्या साऱ्या रानात शहाणी अशी ती एकटीच आहे. ज्या वर्गात चेटकिणीची गोष्ट सांगितली, त्या वर्गात त्याच आठवड्यात या म्हातारीचीही गोष्ट सांगावी.

गोड शब्दांतील दुष्टपणा

वरच्या वर्गांतील मुलांसाठी आणखी एक प्रकार विचारात घेण्याजोगा आहे. मराठीतही अनुवादित झालेल्या हॅरी पॉटरच्या पुस्तकांत व्होल्डेमॉर्ट नावाचा महाभयंकर जादूगार आहे. तथापि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या भागात डोलोरेस अम्ब्रिज नावाची एक शिक्षिका येते आणि पुष्कळ वाचकांना तिचाच अधिक संताप येतो. ती गुलाबी वस्त्रे नेसते, मंजुळ आवाजात बोलते, भिंतीवर मांजरांची चित्रे लावते. आणि शिक्षा म्हणून मुलाला अशा लेखणीने ओळी लिहावयास लावते की, लिहिलेली अक्षरे त्याच्याच हातावर कोरली जाऊन रक्त येते. महाभयंकर जादूगार कोणत्याही मुलाने पाहिलेला नसतो. अधिकाराच्या खुर्चीत बसून हसतमुखाने होणारा अन्याय मात्र मुलांनी पाहिलेला असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. त्या कायद्याच्या कलमांपेक्षाही हे पात्र शिक्षकाला अधिक अंतर्मुख करील.

एक नमुना

वरील चार अंगे ध्यानात घेऊन शिक्षकाला वर्गासह नवे पात्र घडविता येईल. नमुन्यादाखल एक आराखडा येथे देणे उचित होईल.

डोंगरावर मौनगड नावाचा गड आहे. तेथील राजा देखणा व मृदुभाषी आहे. त्याने भांडून भांडून सर्वांना घालवून दिले आहे, आणि आता वाड्यातील शांतता त्याला सोसवत नाही. ही त्याची इच्छा. तो पालखीतून गावात येतो आणि आवाज विकत घेतो. एका आवाजाला एक सोन्याची मोहोर. बळजबरीने तो काहीच नेत नाही; मालकाने तीन वेळा "दिला" म्हटले, की तो आवाज मडक्यात भरून फडके बांधतो. हा त्याचा नेम. प्रथम तो रहाटाची कुरकुर नेतो. लोक हसतात, बरे झाले म्हणतात. मग कुत्र्याचे भुंकणे जाते. मग कोंबड्याचे आरवणे जाते आणि गावाला वेळेवर जाग येईना. गाईच्या गळ्यातील घंटा मुकी होते आणि वासराला आई सापडेना. जात्यावरची ओवी जाते आणि तान्ही मुले झोपेनात. घरोघरी मोहरा आहेत, पण शेजाऱ्याला हाक मारता येत नाही. एका मुलीने मात्र आपला आवाज विकलेला नसतो. ती गडावर जाते. राजा तिच्याजवळ तिचे हसू मागतो. ती म्हणते, "देते, पण एकटीने हसता येत नाही, तुम्हीही हसले पाहिजे." राजा कितीतरी वर्षांनी हसतो. दोघांचे हसू एका मडक्यात मावत नाही. ते मडके तडकते आणि त्यामागून सारी मडकी तडकत जातात. हे त्याचे मर्म.

हा राजा फिरस्ता व्यापारी करता आला असता. गोष्ट तितकीच चालली असती. परंतु मग उद्या गावाच्या वेशीवर पाल ठोकणाऱ्या भटक्या कुटुंबाकडे मुलांनी संशयाने पाहिले असते. म्हणून तो राजा, म्हणून तो देखणा. गोष्टीतील वाईट असे जे काही आहे ते त्याच्या व्यवहारात आहे. आणि त्या व्यवहाराला "दिला" म्हणणारे गावकरीही पूर्णपणे निर्दोष नाहीत. मोठ्या मुलांना हे आपोआप उमगेल. लहान मुलांना फुटलेल्या मडक्यांचाच आनंद पुरे.

सांगण्याची रीत

सांगण्याच्या रीतीसंबंधी थोडे. दुष्ट पात्राच्या प्रवेशाला आवाज चढविण्यापेक्षा तो उतरविणे अधिक परिणामकारक ठरते. कुजबुज ऐकण्यासाठी सारा वर्ग पुढे झुकतो. पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्ट सांगताना राक्षस जिवंत असता शाळा सोडू नये. तो घरी त्यांच्याबरोबर जातो. पाचवीच्या पुढील मुलांना मात्र उत्कंठेच्या ठिकाणी थांबविले तरी चालते, नव्हे त्यांना ते आवडते. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारण्याची घाई करू नये. "राक्षसाला काय हवे होते ?", "ते त्याला दुसऱ्या मार्गाने मिळाले असते काय ?", "त्याच्या जागी तुम्ही असता तर ?" असे प्रश्न विचारावेत. राजाला शेवटी क्षमा करावी की शासन, हे वर्गाला ठरवू द्यावे. लहान मुले बहुधा कठोर न्याय मागतात. त्यात वावगे काही नाही. न्याय व्हावा ही त्यांची भूक आहे, आणि दया पुढे वयाबरोबर येते. तसेच मुलांकडून दुष्ट पात्राचे चित्र काढून घ्यावे. ज्या राक्षसाला मुलाने स्वतःच्या हाताने रंगविले, तो राक्षस रात्री त्याच्या उशाशी येत नाही.

बंधुभगिनींनो, गावातील पुष्कळ मुलांना दुष्टपणा म्हणजे काय, याचा पहिला पाठ गोष्टीतच मिळतो. त्या पाठात त्यांनी जर शिकले की, दुष्टपणा वाकड्या पाठीत, काळ्या वर्णात किंवा एकट्या म्हातारीच्या झोपडीत राहतो, तर मोठेपणी ती नेमक्या चुकीच्या दारावर दगड मारतील. आणि खरा अन्याय पालखीतून, गोड बोलत, मोहोर पुढे करीत येईल तेव्हा त्याला वाट करून देतील. उलट, कोणाला काय हवे आहे आणि त्यासाठी तो काय करतो, एवढे पाहावयास जर ती गोष्टीतून शिकली, तर गवताची काडी हाती असलेले मूलही पुढे चांगले नागरिक होईल. ही शिकवण देण्यास फळा लागत नाही, खडू लागत नाही, अनुदानही लागत नाही. शेवटच्या तासाची वीस मिनिटे आणि नीट विचार करून घडविलेला एक राक्षस, एवढे पुरे आहे.